मिरचीचा भाव आणि सुंदराचा शब्द

बोरवाडीत घरं बत्तीस, आणि त्या बत्तीस घरांची आगोट गेली तेरा वर्षं एकाच बाईच्या भरवशावर. सुंदरा तिचं नाव. आगोट म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागतं त्यानं आवणीच्या चिखलात एक दिवसही काढलेला नाही, असं खुशाल समजावं. पाऊस धरला की बोरवाडीहून टोकावड्याला उतरणारी वाट ओढ्याच्या मर्जीवर असते. त्यात भाताची आवणी, म्हणजे लावणी, सुरू झाली की बाईला मान वर करायला फुरसत नाही, बाजाराचं नाव कोण काढतंय! त्या दोन-अडीच महिन्यांत घरात लाल मिरची, सुके बोंबील, कांदा, लसूण, मीठ नसेल तर भातावर घ्यायचं काय, चिखल? म्हणून वैशाखातच सगळं भरून ठेवायचं. हीच आगोट.

एकेकटीनं किरकोळीत आणायला गेलं तर दुकानदार कापतो. म्हणून सुंदराच्या सासूनं, गोदूबायनं, एक रीत घालून दिली होती. घरटी महिन्याला ठरावीक रक्कम, यंदा दोनशे रुपये, अकरा महिने जमवायची आणि वैशाखात एका बाईनं मुरबाडला जाऊन सगळ्यांचं मिळून ठोक भावात आणायचं. मग देवळासमोर ताडपत्री घालायची, तागडी लावायची, वाटे करायचे. किती जमवायचं ते आदल्या वर्षीच्या भावावर ठरे. गोदूबायच्या अटी दोनच. सगळ्यांचे पैसे हातात आल्याशिवाय खरेदी करायची नाही. आणि जी बाई आणते तिचा वाटा शेवटचा. तो पडेपर्यंत तिच्या घरात वेगळं मिरचीचं देठसुद्धा यायला नको. "आपल्या घरात आधी आलं का दुसऱ्याच्या वाट्यावरचं ध्यान उडतं गो," म्हातारी म्हणायची.

म्हातारी गेली, तागडी सुनेकडं आली. तेरा वर्षांत सुंदरानं कुणाला छटाकभर कमी घातलं नाही. तोंडाची फटकळ, नवऱ्याशी भांडेल, शेजारणीशी भांडेल, पण मापात पाप नाही. सुंदरानं सांगितलं म्हणजे ते तसंच असणार, असं नुसती बोरवाडी नव्हे, आजूबाजूचे सात पाडे धरून चालत. एवढा विश्वास आपल्यावर असावा असं कुणालाही वाटेल. वाटू देऊ नये, इतकंच सांगणं आहे. कारण यंदा तिचा घात केला तो त्या विश्वासानंच.

चैत्र संपत आला होता. राघोचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, चष्मा फुटला होता. तो नवा करायला पैसे घेऊन सुंदरा मुरबाडला गेली. आलोच आहोत तर भाव विचारून ठेवावा, म्हणून महिपतशेठच्या दुकानात डोकावली. आगोटीची मिरची दर साली त्याच्याकडूनच यायची.

"मिरची कशी लावलीस शेठ?"

"दोनशे ऐंशी."

"आगोबाय! गेल्या साली अडीचशेनं दिलीस की!"

"तिकडं काढणीच्या टायमाला पाऊस पडला मावशी, अर्धा माल भिजला. वर डिझेल वाढलं, हमाल वाढवून मागतात. मी काय पदरचं घालू?" शेठनं गल्ल्यावरची धूळ झटकली आणि जाता जाता म्हणाला, "पुढच्या महिन्यात चारशेला गेली तर मला बोलू नका. घ्यायची तर आज घ्या."

व्यापारी असंच बोलतो. सुंदरा का दूधखुळी होती? तेरा वर्षं ती हे ऐकत आली होती. पण 'चारशे' हा आकडा कानात शिरला तो निघेना. आगोटीचा शेवटचा हप्ता अजून यायचा होता, पैसे पोस्टात होते, आणि अट ती अट. ती बाहेर आली, चष्म्याच्या दुकानापर्यंत गेली आणि उभी राहिली. वाशिंदला दिलेली तिची नेहा परवाच फोनवर म्हणाली होती, आये, इकडं मिरची परवडत नाय, येताना दोन किलो आन. दोन नेहाला. तीन आपल्याला. वाट्याच्या टायमाला आपला वाटा आपण घ्यायचाच नाही, म्हणजे फिटंफाट. कुणाचं काय गेलं? असं मनाचं समाधान करत ती माघारी वळली आणि चष्म्याच्या पैशांतून पाच किलो मिरची घेतली. दुकानाची पायरी उतरतानाच तिला ठाऊक होतं की हे बरोबर नाही. ठाऊक असून केलं, हेच तर वाईट.

आता मिरची ही काय लपवायची वस्तू आहे? जीपमध्ये अकरा माणसं कोंबलेली, गोणी सुंदराच्या पायाशी. सरळगाव यायच्या आत दोघे शिंकले. शेजारी वडाच्या पाड्याची राही बसली होती, बोलायला मोकळीढाकळी बाई. तिनं गोणीकडं पाहिलं.

"मावशी, आगोट आनली का काय एवढ्यात?"

सुंदरानं गोणी पायानं मागं सरकवली. आगोट म्हणावी तर खोटं, घरची म्हणावी तर अट मोडल्याचं गावभर होणार. चोराच्या मनात चांदणं. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती बोलली, आणि जरा जोरातच बोलली.

"भाव इचार आधी! मिरची चारशेला जानार हाय गो. आख्ख्या बाजाराला ठाऊक हाय. ज्याला घ्यायची त्यानं आताच घ्या."

जीपमधल्या अकराही जणांनी ऐकलं. शेठ म्हणाला होता, गेली तर. 'गेली तर'चं 'जानार' व्हायला मुरबाड ते सरळगाव एवढंच अंतर लागलं.

घरी राघोनं गोणी पाहिली, मग तिच्या तोंडाकडं पाहिलं. चष्म्याचं त्यानं विचारलंच नाही.

"वाटे व्हायच्या आधी?"

"नेहासाठी हाय."

"पाच किलो?"

राघो वाशिंदला एका गोदामात कामाला, बोलायला कमी. त्यानं गोणी उचलली, शिडी लावली आणि माळ्यावर कणगीच्या मागं नेऊन ठेवली. वरूनच म्हणाला, "आता आनलीस ना, तर तोंड मिटून ऱ्हा."

पण तोंड आता एकट्या सुंदराचं राहिलं नव्हतं. राहीनं वडाच्या पाड्यात सांगितलं, तिथून कुणाच्या हळदीत गेलं, हळदीतून पाणवठ्यावर. 'कोन म्हनतंय' असं कुणी विचारलं की उत्तर तयार: बोरवाडीची सुंदरा म्हनली. मग काय, झुंबड! जी बाई वर्षाला दोन किलो घेते तिनं पाच घेतली. जिनं कधी आगोट भरली नाही तिनंही तीन घेतली, न जाणो! टोकावड्याची दुकानं चार दिवसांत रिकामी झाली, तशी माणसं मुरबाडला उतरली. महिपतशेठनं फळ्यावर तीनशे दहा लिहिलं, दुसऱ्या दिवशी पुसून तीनशे चाळीस. मग त्यानं नियम काढला, एकीला दोनच किलो. त्यानं तर आगीत तेल ओतलं. दोनच देतोय म्हणजे माल संपत आला, म्हणून सासू वेगळी रांगेत, सून वेगळी, अन् पोटुशी असली तरी लेक वेगळी. वर टीव्हीवर टाय लावलेले लोक महागाई कुठून येते याच्या चर्चा करत होते. त्यांना मुरबाडची रांग दाखवायला हवी होती.

तीनशे चाळीस झाल्याचं बोरवाडीत कळलं तेव्हा सुंदराला भीती नाही वाटली. खरं सांगायचं तर आधी बरंच वाटलं. "मी म्हनले नव्हते?" असं ती नळावर म्हणालीसुद्धा. आणि बायांनी माना डोलावल्या.

शेवटचा हप्ता हातात आला तेव्हा नऊ दिवस उलटले होते. सगळे पैसे घेऊन ती मुरबाडला गेली. फळ्यावर चारशे दहा.

"शेठ, हा काय जुलूम! पाऊस काय रोज पडतोय का तिकडं?"

महिपतशेठनं हात जोडले. "पावसाचा भाव दोनशे ऐंशीच होता मावशी. पुढचा माझाही नाही नि पावसाचाही नाही. माणसं तुटून पडली, मी फळा पुसत गेलो. मी धंदा करतो, देऊळ नाही चालवत. आणि खरं सांगू का? येणारी प्रत्येक बाई तुमचंच नाव घेते. बोरवाडीची सुंदरामावशी म्हणाली चारशे होणार. तुम्ही म्हणालात, झाले चारशे."

सुंदरा समोरच्या पोत्यावर बसली. बत्तीस घरांना तीन-तीन किलो, म्हणजे शहाण्णव किलो न्यायची होती. हातातल्या पैशात चौसष्ट बसत होती, तीही कांद्यातला एकेक किलो कापून. उधार मागावं तर पुढल्या साली फेडणार कशानं? तिनं तीन वेळा हिशोब केला, तिन्ही वेळा तेच आलं. बिल मात्र मागून घेतलं, दुकानाचा शिक्का मारून.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. राघो म्हणाला, "भाव वाढलाय हे खरं हाय ना? मंग तुला काय झालं? बिल दाखव नि मोकळी हो."

"आनि माळ्यावरचं?"

"त्याचं कोन इचारतंय?"

कुणी विचारत नव्हतं, हेच तिला टोचत होतं. आपलं नाव जाईल ही धास्ती एकीकडं, आणि न जाता राहिलं तर ते कशाच्या जोरावर राहील, हे दुसरीकडं. माळ्याकडं पाहायचं नाही असं ठरवून ती सारखी तिकडंच पाहत होती.

वाट्याच्या सकाळी देवळासमोर ताडपत्री पडली. घरटी एक बाई, समोर आपापली पाटी. सुंदरानं तागडी लावली आणि आधीच सांगितलं, "यंदा मिरची दोन-दोन किलो हाय. भाव लय वाढला. कांदाही किलोनं कमी. हे बिल."

पहिला वाटा कमळूचा. कमळू सुंदराच्या बरोबरीची, एकाच साली दोघी लग्न होऊन आलेल्या. कमळूनं वाटा घेतला, पाटीत ओतला, आणि पदराखालून ताणकाटा काढला. भंगारवाले वापरतात तसला, आकड्याचा. सगळ्यांसमोर तिनं पाटी त्या काट्याला अडकवली.

तेरा वर्षांत तागडीसमोर दुसरा काटा कुणी काढला नव्हता. सुंदराच्या कानशिलात मारल्यासारखं झालं.

"वजन बराबर हाय," कमळू म्हणाली. "पन तिसरा किलो कुठं गेला सुंदरे? पैसं तर आमी तेवढंच दिलं."

"सांगितलं ना गो, भाव—"

"भाव, भाव! बिल काय, शिक्का मारून कोनीबी देतो. शेठ तुझा तेरा वर्षांचा. बत्तीस किलो म्हंजे दहा-बारा हजाराचा माल झाला." कमळूनं मान वळवून सुंदराच्या घराकडं पाहिलं. तिथं पडवीवर नवे पत्रे चकाकत होते. "तुझ्या घरावर मात्र पत्रे चढले. आमी आंधळ्या नाय गो."

पत्रे राघोच्या गोदामातल्या पगाराचे होते, गेल्या दिवाळीपासून एकेक करून आणलेले. पण ते आता कुणाला सांगणार? बाया एकमेकींकडं बघू लागल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "खरं हाय की." देवळाच्या भिंतीला टेकून उभा असलेला राघो ताठ झाला. सुंदरानं पुढच्या वाट्याला हात घातला, काटा हलायला लागला, आणि हलणारा काटा पाहून लोकांना वाटलं, पकडली.

"चारशे दहानं घेतली मी!" ती ओरडली. "देवाच्या पायरीवर हाय, खोटं नाय बोलनार. चारशे दहा!"

"काहीतरी बोलू नको! मी सोता तीनशे दहानं आन—"

कमळूनं जीभ चावली. पण बाण सुटून गेला होता. आता सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

"तू कवा आनलीस गो?" कुणीतरी विचारलं. "आगोटीत पैसं भरून वर आनलीस? किती आनलीस?"

कमळूचा चेहरा उतरला. भिंतीजवळून राघोनं सुंदराला खूण केली, धर तिला आता! आणि खरंच, डाव सुंदराच्या हातात आला होता. एक वाक्य बोलायचं: भाव तुझ्यासारख्यांनी चढवला, आणि चोर मला म्हणतेस? सगळी वाडी कमळूवर तुटून पडली असती. तेरा वर्षांचं नाव जसंच्या तसं राहिलं असतं. सुंदरानं तोंड उघडलंही. पण समोर कमळू पदराचं टोक पिळत उभी होती, आणि तिच्या जागी सुंदराला त्या दिवशीची स्वतःच दिसली, जीपमधली, गोणी पायानं मागं सरकवणारी.

तिनं तागडी खाली ठेवली आणि काही न बोलता घराकडं चालू लागली. बायांना वाटलं, पळाली. राघोला कळलं. तो मागं धावला, "आगो, खुळी झालीस काय!" पण ती शिडी चढून गेली होती.

परत आली तेव्हा डोक्यावर गोणी होती. ताडपत्रीच्या मधोमध तिनं ती टाकली. धापा टाकत म्हणाली:

"ही पाच किलो. माझी. दोनशे ऐंशीनं आनली, चैत्रात, वाटे व्हायच्या आधी. सासूची अट मोडली मी. आनि ती झाकायला जीपमधी बोलले, का मिरची चारशेला जानार. शेठ नुसतं म्हनला व्हता, गेली तर. जानार असं मी म्हनले. तुमी आयकलंत नि धावलात. कमळू धावली ती माझ्याच बोलन्यावर. तिला नका बोलू. पैसं मी खाल्लं नाय, पन तुमचा तिसरा किलो माझ्या तोंडानं गेला."

एवढं बोलून ती खाली बसली आणि रडू लागली, अगदी मोठ्यानं, लाज सोडून.

मग कमळूची सून उठली. सोनाली तिचं नाव, मुरबाडला पतपेढीत कामाला जाते, पोरगी एरवी मोठ्यांत बोलत नाही. ती सरळ घरी गेली आणि एक पिशवी फरफटत घेऊन आली.

"ही दहा किलो," ती म्हणाली. "आमच्या माळ्यावरची."

"सोनाले!" कमळू किंचाळली.

"आत्या, राहू द्या आता." सोनालीनं पिशवी गोणीशेजारी ठेवली. "अडीचशेची दोनशे ऐंशी झाली ती पावसानं नि डिझेलनं. त्याला आपण काही करू शकत नाही. पण पुढचे एकशे तीस रुपये आपल्याच माळ्यांवर पडलेत. कुणाकुणाकडं किती हाय, सांगा की. घेतल्या भावात इथं टाकू."

सगळ्या ताडपत्रीकडं बघत बसल्या.

"आज बाजारात चारशे दहा चाललीय," कमळू धुसफुसली. "मी तीनशे दहानं का देऊ? नुकसान माझं?"

"विकणार कुणाला तुमी?" सोनाली म्हणाली. "सात पाड्यांत ज्याच्या त्याच्या घरात दोन वर्षांची मिरची हाय. आता रांग लावणार कोण? बँका व्याज वाढवतात ना, ती लोकांनी जरा हात आवरावा म्हणूनच वाढवतात. आपल्याला कोण व्याज लावणार? आपणच हात आवरायचा. ज्या भावानं आणली त्या भावानं द्यायची, एक पैसा वर नाय."

आधी एक म्हातारी उठली. मग दोघी. मग पोरीबाळी पळत घरी गेल्या. कुणी चार किलो आणली, कुणी तीन, एकीनं तर तांदळाच्या पिंपात लपवलेली, तिला भाताचा वास लागलेला. ढीग वाढत गेला तसा ठसका सगळ्यांना लागला, आणि खोकता खोकता काही जणी हसायलाही लागल्या. अर्ध्याहून जास्त घरांनी आगोटीत पैसे भरून वर गुपचूप मिरची आणली होती! जिला तिला वाटत होतं, आपण एकटीच शहाणी. मोजली तेव्हा एकसष्ट किलो भरली. बत्तीसच हवी होती, वरची जिची तिला परत.

तागडी सुंदरानंच धरली. एकेक किलो घरटी पडला. कमळूनं या वेळी ताणकाटा काढला नाही. शेवटी सुंदराचा वाटा राहिला. तिनं तो मोजलाच नाही.

"माझा नको," ती म्हणाली.

"घे," कमळू म्हणाली. "वाटा तुझा हाय, तो घे." जरा थांबली. मग खाली बघत, अगदी हळू बोलली, "पन तागडी ठेव सुंदरे. मी चोरटी असंन, पन मी तागडी धरलेली नाय. तू धरलेली हायस. अट मोडली ती मोडली."

कुणी तिला गप्प केलं नाही. सुंदरानं वर पाहिलं. एखादी तरी म्हणेल, जाऊ दे गो, अशी तिला आशा होती, माणूसच ना! कुणी म्हणालं नाही. तिनं तागडीच्या साखळ्या गुंडाळल्या, दोन्ही पारडी एकात एक घातली आणि सोनालीच्या हातात दिली. सासूच्या हातची तागडी, तेरा वर्षं घासून पुसून ठेवलेली. घरी जाताना तिचे हात रिकामे वाटत होते. राघो बरोबर चालत होता. घरी पोचल्यावर म्हणाला, "चष्म्याशिवाय पन मला सगळं दिसलं," आणि चुलीत लाकूड सारलं.

सोनालीनं पहिल्याच दिवशी नवी अट घातली. पैसे अकरा महिने पोस्टात निजवायचे नाहीत. ज्या महिन्यात जे स्वस्त मिळेल ते थोडं थोडं घ्यायचं. बायांना पटलं.

पंधरा दिवसांनी सुंदरा पुन्हा मुरबाडला निघाली, राहिलेल्या चष्म्यासाठी. जीप भरलेली. शेजारी नेमकी राही. सुंदरानं मान खिडकीबाहेर वळवली, पण राही सोडते थोडीच?

"मावशी, कांद्याचं काय आयकलंत? वाढनार म्हनतात."

तीच जीप, तीच माणसं, कान टवकारलेली. ती म्हणाली, "मला इचारू नको गो. तागडी माझ्याकडं नाय आता."

"तागडी नसंना. तुमी म्हनलात नि मिरची चारशेला गेलीच की नाय?"

"ती मी म्हनले म्हनून गेली!" सुंदरा ओरडली. डायवरनं आरशात पाहिलं. "आयका सगळे. मी खोटं बोलले व्हते. माझं पाप झाकायला बोलले. तुमी धावलात म्हनून भाव चढला, नि आता कोन घेत नाय तर शेठनं फळ्यावर परत तीनशे लिव्हलंय. जाऊन बघा. कांद्याचं मला काय बी ठाऊक नाय. घरात लागंल तेवढा घ्या नि गप ऱ्हावा."

सुंदराला हलकं वाटत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. खरं बोलून टाकलं, संपलं.

मुरबाडच्या स्टँडवर उतरल्यावर राहीनं तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं. इकडंतिकडं पाहिलं आणि कानाशी लागली.

"मावशी, आता कोन नाय. मला तरी खरं सांगा. किती गोनी घेऊ?"

सुंदरा तिच्याकडं बघतच राहिली. खोटं बोलले ते सात पाड्यांनी एका दिवसात मानलं, आणि खरं ओरडून सांगितलं ते हातभर अंतरावरच्या बाईला पटेना! तिला हसू आलं आणि रडूही. घड्याळात साडेबारा वाजत आले होते. चष्म्याचा दुकानदार जेवायला गेला की चारपर्यंत येत नाही, आणि चारनंतर टोकावड्याची जीप मिळत नाही.

"घरात मानसं किती तुमी?" तिनं विचारलं.

"पाच. दर साली पंधरा किलो लागतात."

"चल," सुंदरा म्हणाली आणि राहीचा हात धरून कांद्याच्या दुकानाकडं चालू लागली. दुकानदारानं गोणीला हात घातला तेव्हा तिनं त्याला थांबवलं, पुढं होऊन स्वतः कांदे निवडले आणि पारड्यात टाकले. राही "अजून, मावशी, अजून थोडे" म्हणत होती. काटा मध्यावर आला तशी सुंदरानं पारड्यावर हात आडवा धरला.

"पंधरा किलो," ती म्हणाली. "दर साली नेतेस तेवढेच. बांध."